डावी कूस

बर्फ गेला तो रात्रीच, न सांगता.
पहाटे खाडीतून नुसती किणकिण,
कुणी ट्रेमधून काचेचे पेले नेत असावं तशी,
आणि दुपारी निळं, मोकळं पाणी,
जणू इथे कधी काही गोठलंच नव्हतं.

बोर्ये म्हणाला, बर्चचं पान
उंदराच्या कानाएवढं झालं की ट्रॅक्टर देतो.
म्हणजे दोन आठवडे. फार तर तीन.
मी शेडची किल्ली शोधली.
पिठाच्या डब्यामागे होती, सप्टेंबरपासून,
मीच तिथे आदळली होती.

कुलूप मात्र तेल पाजलेलं निघालं.

आत तोच वास: डांबर, उंदीर, ओला कॅनव्हास.
ताडपत्री ओढली, मेलेल्या माश्या ओंजळभर सांडल्या.
नाळेवरून उजवीकडे वळले
तर पोपडे, शेवाळाची वाळकी रेघ,
गेल्या उन्हाळ्यातला ओरखडा,
सगळं जसंच्या तसं.
डावीकडे वळले
तर लाकूड.
उघडं, मधाच्या रंगाचं, बोटांना मऊ.
फटींतला जुना काथ्या उपसून नवा ठोकलेला,
खिळ्यांच्या माथ्यांवर लांबी भरलेली,
आणि कण्यापाशी, बरोब्बर मधोमध,
पट्टी धरून थांबावी तशी
खरवड थांबलेली.

गुन्वोर, किती गं हट्टी तू.

वडिलांनी होडी दोघींच्या नावे केली,
कुणाची बाजू कोणती हे कागदावर नव्हतं.
ते आपण ठरवलं, नऊ आणि अकरा वर्षांच्या असताना.
तू डावीकडे, कारण तुला उजव्याच कानाने ऐकू येतं
आणि माझं एकही वाक्य तुला सोडायचं नसायचं.

मी विकू या म्हणाले, त्यात चूक काय होती?
मारिएहामचा तो दंतवैद्य रोख द्यायला तयार होता.
माझे गुडघे, तुझी पाठ,
शिडाला तर आता शिडापेक्षा ठिगळंच जास्त.
तू ब्रसुद्धा काढला नाहीस.
फक्त मान वळवलीस
आणि डावा कान माझ्याकडे केलास.
सात महिने.

मग काय. स्टूल घेतलं, बसले.
पांढऱ्याखाली हिरवा निघाला,
हिरव्याखाली एक राखाडी, ज्याबद्दल आपण कधी बोलत नाही,
आणि तळाशी वडिलांचा लाल.
तुलाही लागला असणार.
नाळेजवळ तुझ्या बाजूला एक चतकोर ठेवलेला दिसला,
तळहाताएवढा, न खरवडलेला.
मीही तेवढाच ठेवला.
माझा जरा वाकडा आला.

जवसाचं तेल तीनदा, रंग दोनदा.
बोर्येने मे महिन्यात, एका मंगळवारी, उतरवली,
आणि उतरली तशी ती गळायला लागली.
कोरडी राहिलेली होडी पाण्यात आली
की आधी बुडायलाच बघते.
तिचा दोष नाही. फळ्या आक्रसलेल्या असतात.
लाकडाला पाणी पिऊन फुगायला
दोन रात्री तरी लागतात,
तोवर कुणीतरी उपसत राहायचं.

नऊच्या सुमारास तू धक्क्यावर आलीस.
अजून उजेड होता. एडर बदकं पलीकडे कुरकुरत होती.
हातात निळी बादली, मोडक्या कडीची,
काखेत थर्मास.
उतरलीस, डावीकडे बसलीस,
थोडा वेळ उपसलंस,
मग म्हणालीस, तुझी बाजू गळतेय.

हो, म्हटलं. तुझीही गळतेय.
कमी, म्हणालीस.
कमी, म्हटलं.

कॉफी झाली. अकरा वाजत आले.
फळ्यांमधून बारीक आवाज येत होता,
झोपेत कुणी दात खातं तसा.
त्या दंतवैद्याला काय सांगितलंस,
तू विचारलंस, बादलीकडे बघत,
उजवा कान माझ्याकडे.

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.
म्हणून आधी
आठ-दहा बादल्या उपसल्या.